दाराशी पोच, आत नोंद: एका कॅनिंग कारखान्यातल्या आयबीएम आय वेब सेवेचं प्रकरण

मिरजोळे एमआयडीसीतला एक आंबा कॅनिंग कारखाना. पेटीत न बसणारा हापूस, म्हणजे डागी, बारका किंवा वाशीपर्यंत टिकणार नाही असा, हे लोक किलोवर घेतात आणि त्याचा रस डब्यात भरतात. खरेदी पावस, राजापूर, देवगड अशा केंद्रांवर होते. केंद्रावरचा माणूस क्रेट काट्यावर चढवतो, बागायतदाराचा खाते क्रमांक, वजन, घट आणि दर कागदावर लिहितो. पूर्वी तो दिवसातून दोन-तीनदा ऑफिसला फोन लावून हे आकडे वाचून दाखवायचा आणि आवक विभागातल्या वहिनी ते हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या नुसत्या अक्षरांच्या संगणक-पडद्यावर, चढवायच्या. पद्धत वाईट नव्हती. फक्त मे महिन्यात माल एकदम अंगावर येतो तेव्हा आकडे चढवता चढवता रात्र व्हायची आणि फोनवर पंधराचे पन्नास ऐकू यायचे.

मालकांनी ठरवलं की हंगामापासून केंद्रावर मोबाइल ॲप द्यायचं आणि ॲपमधली नोंद थेट कारखान्याच्या यंत्रावर, म्हणजे हिशेबाच्या सर्व्हरवर, घ्यायची. ॲप पुण्यातल्या एका छोट्या चमूने केलं. यंत्रावरची बाजू आधीच्या कंत्राटदाराने जुळवून दिली. मला बोलावलं ते एप्रिल सरताना. तक्रार एका वाक्याची होती: दुपारी ॲप झोपतं आणि संध्याकाळी पावत्या जास्त निघतात.

यंत्र आणि त्यावरचा जुना प्रोग्राम

कारखान्यात सगळे त्याला एएस-४०० म्हणतात. आयबीएमने एएस-४०० जाहीर केलं २१ जून १९८८ रोजी. मग आयसिरीज, सिस्टम आय अशी नावं पालटत २००८ पासून ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आयबीएम आय झालं आणि ती पॉवर सर्व्हरवर चालू लागली. इथला डबा नवाच आहे, हाक जुन्या नावाने मारतात इतकंच. पुण्याच्या मुलाने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "हे अजून चालतं?" त्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "तुमचं ॲप जेवढी वर्षं चालेल, त्याहून जास्त चाललंय."

आवक नोंदीचा प्रोग्राम आरपीजी या आयबीएमच्या भाषेतला, नव्वदच्या दशकात लिहिलेला आणि नंतर आयएलई आरपीजी या तिच्या नव्या रूपात आणलेला. त्याचं काम सरळ. नियंत्रण फाइलमधला एक रेकॉर्ड अपडेटसाठी वाचायचा, त्यातला शेवटचा पावती क्रमांक एकने वाढवायचा, रेकॉर्ड परत लिहायचा, आवक फाइलमध्ये ओळ घालायची, बागायतदाराच्या खात्यात रक्कम जमा करायची. त्या नियंत्रण रेकॉर्डमध्ये आणखी एक आकडा राहायचा: आजचा दर. क्रमांक आणि दर एकाच रेकॉर्डात ठेवणं ही त्या काळची काटकसर होती आणि दोन-तीन ऑपरेटर असेपर्यंत तिने कुणाचं काही बिघडवलं नाही. जुन्या आरपीजीची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. हिशेब पैशापर्यंत बरोबर येतो, ही छोटी गोष्ट नव्हे.

सेवा उघडण्यासाठी वापरली होती आयबीएम आयबरोबरच येणारी इंटिग्रेटेड वेब सर्व्हिसेस. ही सोय खरोखर चांगली आहे. आरपीजीची प्रोसीजर लिहायची, कंपाइल करताना तिच्या पॅरामीटरांची माहिती पीसीएमएल या ठरलेल्या स्वरूपात मॉड्यूलमध्येच साठवून घ्यायची, मग ब्राउझरमधून विझार्ड चालवून कोणता पॅरामीटर आत येणारा, कोणता बाहेर जाणारा ते सांगायचं. जेसन, म्हणजे ॲपकडून येणारा मजकूर, उलगडणं, उत्तराचा जेसन बांधणं, एचटीटीपीचं सगळं ती सांभाळते. कंत्राटदाराने एक पातळ प्रोसीजर लिहिली होती, जी आलेले आकडे घेऊन थेट तो जुना आवक प्रोग्राम बोलवायची. जानेवारीत प्रात्यक्षिक झालं, एका फोनवरून नोंद गेली, क्षणात पावती क्रमांक परत आला, टाळ्या पडल्या. जानेवारीत कारखान्यात आंबा नसतो.

दुपारी काय होत होतं

मी दुपारच्या जेवणाच्या सुमारास यंत्रासमोर बसलो आणि चालू जॉबची, म्हणजे यंत्रावर चाललेल्या कामांची, यादी उघडून ठेवली. विझार्डने उघडलेल्या सेवेमागचा आरपीजी प्रोग्राम क्यूझेडआरसीएसआरव्हीएस नावाच्या जॉबमध्ये चालतो. हे जॉब विनंती संपली की मरत नाहीत, पुढच्या विनंतीसाठी तसेच राहतात. सुरुवातीला सगळे स्वस्थ होते. मग एकाची स्थिती एलसीकेडब्ल्यू झाली, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या रेकॉर्डचं कुलूप सुटायची वाट बघतोय. मग दुसरा, तिसरा. मिनिटभराने पहिला एमएसजीडब्ल्यू झाला, म्हणजे प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसला, आणि तिथेच रुतला.

रेकॉर्डवर कुलूप कुणाचं ते बघितलं. वहिनींच्या स्क्रीनचं. त्या बाजूच्याच टेबलावर होत्या. दर बदलायचा स्क्रीन उघडा होता, कर्सर दराच्या रकान्यात, आणि त्या मालकांच्या फोनची वाट बघत होत्या. कॅनिंगचा दर दिवसात बदलतो. वाशीला काय भाव फुटला आणि आजूबाजूचे कारखाने काय देतायत हे बघून मालक दुपारी आकडा सांगतात. वहिनींची वर्षांची सवय अशी की स्क्रीन आधी उघडून ठेवायचा, फोन आला की आकडा टाकून एंटर. स्क्रीनचा प्रोग्राम रेकॉर्ड अपडेटसाठी वाचतो, म्हणजे कुलूप लावतो, आणि मग माणसाच्या एंटरची वाट बघतो. मालक जेवत असतील तर अर्धा तास.

आता दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बघा. फाइल बनवताना वेगळं काही सांगितलं नाही तर रेकॉर्डच्या कुलपासाठी प्रोग्राम ६० सेकंद थांबतो. ॲपची सहनशक्ती होती ३० सेकंद. तिसाव्या सेकंदाला ॲप म्हणतं उत्तर नाही, आणि तीच नोंद पुन्हा पाठवतं. पण फोनने नाद सोडला हे आरपीजी प्रोग्रामला कळत नाही, कळण्याचा मार्गच नाही. तो आपला कुलपाशी उभा. शेजारी त्याच नोंदीची दुसरी विनंती येऊन उभी राहते. पन्नासाव्या सेकंदाला मालकांचा फोन येतो, वहिनी एंटर मारतात, कुलूप सुटतं आणि दोन्ही विनंत्या आत शिरून दोन पावत्या फाडतात. ॲपला त्यातलं दुसरं उत्तर मिळतं. पहिली पावती फाटली हे केंद्रावर कुणाच्या गावी नसतं.

आणि फोन लांबला तर? साठ सेकंद उलटतात, जुन्या प्रोग्राममध्ये ही चूक पकडायची सोय नाही, म्हणून आरपीजी स्वतःच एक प्रश्न विचारतो: आरएनक्यू १२१८, रेकॉर्ड मिळत नाही, काय करू? स्क्रीनवर बसलेल्या ऑपरेटरला हा प्रश्न त्याच्याच स्क्रीनवर दिसतो, तो एक अक्षर टाकून मोकळा होतो. वेब सेवेच्या जॉबला स्क्रीन नाही. प्रश्न जातो क्यूसिसऑपर या मेसेज क्यूत, जी त्या ऑफिसात कुणी उघडत नसे. मी उघडली तेव्हा त्या दुपारचे कित्येक प्रश्न उत्तराची वाट बघत पडले होते, आणि प्रत्येक प्रश्नामागे एक जॉब अडकलेला. पुरेसे जॉब अडकले की नवीन विनंतीला मोकळा जॉबच उरत नाही. तेच ते "ॲप झोपतं". रात्री कुणीतरी सर्व्हर बंद करून चालू करायचं आणि सकाळी सगळं आलबेल.

या प्रकरणाचं मूळ मला इथे दिसलं. हिरव्या स्क्रीनसाठी लिहिलेला प्रोग्राम समोर माणूस बसलाय हे धरून चालतो. माणूस थांबतो, माणूस प्रश्नाला उत्तर देतो, माणसाला कळतं की मघाशी एंटर मारलाय, पुन्हा मारायचा नाही. वेब विनंतीच्या पलीकडे हे तिन्ही नाही. ती थांबत नाही, उत्तर देत नाही आणि शंका आली की पुन्हा येते. विझार्डने दोघांची गाठ घालून दिली, पण गाठ घातल्याने स्वभाव बदलत नाही. मालकांच्या मनात होतं की यंत्र कमी पडतंय, मोठं घ्यावं. सीपीयूचा आकडा दाखवला तेव्हा तो विषय मिटला. यंत्र जवळपास रिकामं बसलेलं होतं.

जास्तीच्या पावत्या आणि देवगडचे एक काका

जास्तीच्या पावत्या कशा पकडल्या जात होत्या? संध्याकाळी केंद्रावरून टेम्पो कारखान्यात येतो, वजनकाट्यावर चढतो, आणि ते वजन त्या केंद्राच्या पावत्यांच्या बेरजेशी ताडून बघतात. तफावत दिसायची, पण कुणाच्या खात्यात ती आहे हे शोधणं अवघड. एकाच बागायतदाराच्या एका दिवसात तीन खेपा होतात आणि वजनं सारखी असू शकतात. क्रेट भरायची पद्धत ठरलेली, त्यामुळे दोन खेपा किलोला किलो जुळल्या तरी नवल नाही. त्यामुळे "सारखं दिसतं ते उडवा" हा सोपा उपाय चालणार नव्हता.

खात्यात कमी पडलं तर बागायतदार त्याच संध्याकाळी फोन करतो. जास्त पडलं तर फोन येईलच असं नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखंही काही नाही. तरी पहिली खातरीची केस मिळाली ती देवगडच्या एका काकांमुळे. त्यांनी स्वतः केंद्रावर येऊन विचारलं, "गाडी एकच इली माझी, मगे पावत्यो दोन कश्यो?" त्या दोन पावत्यांच्या वेळांत अर्ध्या मिनिटाचं अंतर होतं. तिथून धागा मिळाला. मग सगळ्या पावत्या वेळेनुसार लावल्या आणि एका खात्याच्या, सारख्या वजनाच्या, ॲपच्या सहनशक्तीएवढ्या किंवा त्याहून कमी अंतराने पडलेल्या जोड्या वेगळ्या काढल्या. हिशेबनीस काकांनी त्या एकेक करून केंद्राच्या कागदाशी लावल्या. कागद अजून लिहिले जात होते हे नशीब.

कुलपाखेरीज दुसरंही कारण होतं: रेंज. राजापूरकडच्या खोऱ्यात नोंद आत पोचते, लिहिली जाते, आणि उत्तर परत येताना वाटेत हरवतं. यंत्राच्या मते काम झालं, फोनच्या मते झालं नाही. कुलूप कितीही लवकर सोडा, हा प्रकार उरतोच. म्हणजे पुन्हा आलेली विनंती ही अपवाद न मानता रोजची गोष्ट मानून बांधणी करायला हवी होती.

नवी बांधणी

सरकारी कार्यालयात आवक बारनिशी असते. अर्ज घेणारा कारकून अर्जाचा निकाल लावत नाही. शिक्का मारतो, क्रमांक घालतो, पोच देतो. निकाल आतल्या टेबलावर, त्यांच्या सवडीने. सेवेचं दार तसं केलं.

विझार्ड आणि त्याची सेवा तशीच ठेवली, मागची प्रोसीजर बदलली. आता ती जुन्या प्रोग्रामला हातही लावत नाही. आलेली नोंद तपासते आणि "आवक पेटी" नावाच्या एका नव्या टेबलात घालते, बस्स. ॲपने प्रत्येक नोंदीला फोनवरच एक युनिक ओळख द्यायची, वजन पक्कं केलं त्याच क्षणी, आणि ती नोंद कितीदाही पाठवली तरी ओळख तीच ठेवायची. ही ओळख टेबलाची प्रायमरी की, म्हणजे एका ओळखीची एकच ओळ. तीच नोंद पुन्हा आली की ओळ घालण्याची आज्ञा एसक्यूएलस्टेट २३५०५ हा चूक-क्रमांक घेऊन परत येते, म्हणजे हा माल आधीच आलाय. मग प्रोसीजर जुनी ओळ वाचून पहिल्या वेळचंच उत्तर देते. ओळख तीच पण आतले आकडे वेगळे असले तर मात्र ४०९, म्हणजे जुळत नाही असं उत्तर, परत जातो, कारण तिथे ॲपमध्ये काहीतरी गडबड आहे आणि ती झाकायची नाही. नवी नोंद नीट आली तर २०२: स्वीकारली, काम व्हायचंय.

पेटीत ओळ पडली की तिची ओळख एका डेटा क्यूत, म्हणजे प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या रांगेत, टाकली जाते. पलीकडे एकच जॉब त्या क्यूवर कान देऊन बसलेला. तो ओळख उचलतो, पेटीतली ओळ वाचतो आणि तोच जुना आवक प्रोग्राम बोलवतो. क्यूवरची त्याची प्रतीक्षा अमर्याद ठेवली नाही; ठरावीक वेळाने तो जागा होतो आणि पेटीत काही राहून गेलंय का ते स्वतः बघतो. खरं काय ते टेबलात, क्यू फक्त लवकर कळावं म्हणून. डेटा क्यू पुसली गेली तरी नोंद हरवता कामा नये, हा आग्रह मी धरला आणि अजून धरतो.

आवक, खाते, नियंत्रण आणि पेटी या चारही फाइलींवर जर्नल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, सुरू केलं, जुन्या प्रोग्रामच्या फाइल-घोषणांत कमिट (बदल एकत्रच पक्के करण्याची सूचना) घालून तो पुन्हा कंपाइल केला. पावती, तिचा क्रमांक, खात्यातली जमा आणि पेटीतल्या ओळीची "झाली" ही खूण आता एकाच व्यवहारात होतात. मध्येच वीज गेली तर सगळे मागे फिरतात आणि ओळ पेटीत "नवी" म्हणून शिल्लक राहते. वळवाच्या पावसात कोकणात वीज मध्येच जाते, यूपीएस दर वेळी साथ देतोच असं नाही.

काम करणारा जॉब एकच का, दोन-चार का नाहीत, असं पुण्याहून विचारणा झाली. कारण पावती क्रमांक. लेखापरीक्षकांना क्रमांकात खंड चालत नाही. एसक्यूएल सीक्वेन्स, म्हणजे डेटाबेसचा तयार क्रमांक-वाटप, वापरला असता तर कुलपाचा प्रश्न सुटला असता, पण सीक्वेन्सने दिलेला क्रमांक रोलबॅक झाल्यावर, म्हणजे व्यवहार मागे फिरल्यावर, परत येत नाही, भोक पडतं. एकच जॉब एकामागून एक क्रमांक देतो तेव्हा भांडायला कुणी नसतं आणि मागे फिरलेला क्रमांक पुढच्याला मिळतो. कारखान्याच्या मालाला हा वेग भरपूर पुरतो. एका सेकंदात शेकडो पावत्या फाडायला कुणाकडे तेवढा आंबा आहे?

नियंत्रण रेकॉर्डमधून दर बाहेर काढून वेगळ्या टेबलात नेला. वहिनींचा स्क्रीन आता कुलूप न लावता वाचतो, एंटर मारल्यावर क्षणभरच लिहितो. त्यांची सवय मोडायला सांगितली नाही. स्क्रीन उघडा ठेवून फोनची वाट बघणं हे माणसाचं साहजिक वागणं आहे. त्यावर यंत्र अडत असेल तर यंत्राने सुधारावं.

दर कोणत्या वेळचा?

सगळ्यात जास्त वाद यावर झाला आणि तो तांत्रिक नव्हता.

पूर्वी पावती फाटते त्या क्षणीचा दर लागायचा. आता पावती मागाहून फाटणार. राजापूरच्या केंद्राने तीन वाजता वजन केलं, रेंज नाही म्हणून फोनने नोंद धरून ठेवली, पाच वाजता पाठवली, आणि चारला दर उतरला. बागायतदाराने तीनचा दर ऐकून माल उतरवलाय. त्याला पाचचा दर लावला तर उद्या तो दुसऱ्या कारखान्याच्या काट्यावर असेल. मग फोनवरची वेळ धरायची? फोनचं घड्याळ बोटाने मागे नेता येतं, आणि हिशेबनीस काकांनी हे सर्वांत आधी ओळखलं. "घड्याळावर मी पैसे देणार नाही," असं त्यांनी बैठकीतच सांगितलं.

तोडगा असा निघाला की दराच्या प्रत्येक बदलाला यंत्र एक क्रमांक देतं. ॲप रेंज असेल तेव्हा ताजा दर आणि त्याचा क्रमांक घेऊन ठेवतं, आणि नोंदीबरोबर दराचा आकडा न पाठवता फक्त क्रमांक पाठवतं. आकडा यंत्राच्या टेबलातूनच येतो. आजच्याच तारखेचा क्रमांक असेल तर नोंद पुढे जाते. कालचा असेल तर ती बाजूला पडते आणि हिशेबनीस काका स्वतः निर्णय घेतात. यात एक सूट आहे: केंद्राला नवा उतरलेला दर कळलाच नाही तर जुन्या, चढ्या दराने खरेदी होते. मालकांनी ते मान्य केलं. बागायतदाराला सांगितलेला दर फिरवणं त्यांना त्याहून महाग वाटलं.

दुसरा वाद पावतीच्या कागदाचा. २०२ उत्तरात अंतिम पावती क्रमांक नसतो, आणि बागायतदार क्रमांक छापलेला कागद हातात पडल्याशिवाय काट्यावरून हलत नाही. शेवटी कागदावर केंद्राचं नाव आणि त्या फोनचा चालू अनुक्रमांक असा "पोच क्रमांक" मोठ्या अक्षरांत छापला. ॲप पाठोपाठ यंत्राला विचारतं, पावती झाली का? बहुतेक वेळा कागद छपाईला जाईपर्यंत झालेली असते आणि दोन्ही क्रमांक छापले जातात. नसेल तर नुसती पोच. ऑफिसातल्या चौकशीच्या स्क्रीनवर दोन्हींपैकी कोणताही क्रमांक टाकून नोंद सापडते. ही शेवटची सोय केल्यावरच केंद्रांवरची कुरकुर थांबली.

मध्येच सापडलेल्या गोष्टी

एक नोंद रोज नाकारली जात होती आणि कारण कळेना. पेटीत कच्चा मजकूर जसाच्या तसा ठेवत होतो म्हणून दिसलं: वजन "१२५" असं आलं होतं, देवनागरी अंकांत. केंद्रावरच्या पोराने फोनचा कीबोर्ड मराठी ठेवला होता. आरपीजीच्या दृष्टीने हे अंक नव्हेतच, संख्येत बदलताना स्थिती १०५ ही चूक येऊन प्रोग्राम थांबतो. दाराशीच देवनागरी अंक ओळखून बदलायची चार ओळींची प्रोसीजर लिहिली. त्या पोराला कीबोर्ड बदलायला सांगणं सोपं होतं, पण पुढच्या हंगामात पोरगा दुसरा असतो.

नावांचं तसंच. जुन्या फाइली ईबीसीडिक या आयबीएमच्या जुन्या अक्षर-संकेतातल्या, सीसीएसआयडी (अक्षर-संचाचा क्रमांक) ३७. त्यात देवनागरी अक्षराला जागाच नाही. रूपांतरात प्रत्येक अक्षराऐवजी एकच पर्यायी चिन्ह उमटतं. म्हणून पेटीतला मजकूर युटीएफ-८ मध्ये, सीसीएसआयडी १२०८, ठेवला आणि जुन्या फाइलींकडे नाव जाऊच दिलं नाही. तिकडे जातो तो खाते क्रमांक. नाव ॲपमध्ये दिसावं म्हणून खाते क्रमांकासमोर मराठी नावांचं वेगळं टेबल केलं, जे त्या निमित्ताने बागायतदारांना आपापल्या नावाचं शुद्धलेखन दुरुस्त करायलाही उपयोगी पडलं.

घटीचा किस्सा जास्त वाईट होता. साका, म्हणजे गरातला दोष, निघालेल्या मालावर घट लावतात. काही बागायतदारांच्या पावतीवर घट लागत होती, जी केंद्राने पाठवलीच नव्हती. जुना प्रोग्राम वेगासाठी एलआर (काम पूर्ण संपल्याची खूण) चालू न करता परततो, म्हणजे फाइली उघड्या राहतात आणि आतले व्हेरिएबलही जिवंत राहतात. स्क्रीनवरून चालताना दर वेळी सगळे रकाने नव्याने भरले जायचे, त्यामुळे कधी जाणवलं नाही. वेब सेवेत घट पाठवली नाही तर तो रकाना कुणी भरायचाच नाही, आणि त्याच जॉबमधून आधी गेलेल्या परक्या बागायतदाराची घट तिथे बसून असायची. प्रोग्रामच्या सुरुवातीला सगळी नोंद-रचना स्वच्छ करणारी एक ओळ घातली. आधीच्या पावत्या शोधून दुरुस्त करायला त्या ओळीच्या कितीतरी पट वेळ गेला.

सुरक्षेबाबत थोडक्यात: सेवा ज्या युजर प्रोफाइलखाली चालत होती तिला सगळ्या वस्तूंवर अधिकार दिलेला होता, "अडचण येऊ नये म्हणून". नवी प्रोफाइल केली, जिला पेटी, दर आणि पोच यांच्यापलीकडे काही दिसत नाही आणि जिच्या नावाने साइन ऑन करता येत नाही. डिजिटल सर्टिफिकेट मॅनेजरमधून प्रमाणपत्र बसवलं, प्रत्येक केंद्राला वेगळा टोकन, म्हणजे ओळखीची गुप्त किल्ली, दिला. टोकन एकाचा गेला तर एकच बंद करायचा.

आतल्या जॉबला प्रश्न विचारायची परवानगीच ठेवली नाही. त्याच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये प्रश्नाला डिफॉल्ट उत्तर जाईल असं सांगितलं आणि बोलावणाऱ्या प्रोग्रामने मॉनिटर लावून चूक पकडायची, व्यवहार मागे फिरवायचा, ओळीवर "अडकली" आणि कारण लिहायचं, पुढची ओळ घ्यायची. अडकलेल्या ओळींची यादी वहिनींच्या मेनूत. शिवाय क्यूसिस२ मधल्या चालू जॉबची यादी देणाऱ्या टेबल फंक्शनवर एक छोटी एसक्यूएल दर काही मिनिटांनी चालते आणि एमएसजीडब्ल्यू दिसला की ऑफिसच्या फोनवर निरोप जातो.

मे महिन्यातली संध्याकाळ

परीक्षा झाली ती महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटली तेव्हा. दुपारपासून कारखान्याला इंटरनेट नव्हतं. केंद्रांवर खरेदी चालू राहिली, फोनवर नोंदी साठत गेल्या, बागायतदार पोच घेऊन घरी गेले. रात्री लाइन जोडली गेली आणि सगळे फोन एकदम यंत्रावर तुटून पडले. काहींच्या विनंत्या मध्येच तुटून पुन्हा आल्या. दाराशी नोंदी पटापट पेटीत पडत होत्या, २३५०५ चे आकडे वाढत होते, आतला जॉब आपल्या चालीने पावत्या फाडत होता. टेम्पोची वजनं आणि पावत्यांच्या बेरजा सगळ्या केंद्रांच्या जुळल्या. देवगडच्या दोन ओळी अडकल्या, दोन्ही बंद खात्यावरच्या, आणि हिशेबनीस काकांनी त्या सकाळी हातावेगळ्या केल्या.

त्या रात्रीनंतर ॲपमध्ये एक बदल केला. लाइन आल्याबरोबर सगळ्यांनी एकदम न पाठवता प्रत्येक फोनने काही सेकंदांचा मनाला येईल तेवढा उशीर लावायचा, आणि यंत्राने ५०३, म्हणजे आत्ता जमत नाही, या उत्तराबरोबर किती वेळाने या असं सांगितलं तर ते पाळायचं. यंत्राला त्याची गरज पडली नव्हती; राजापूरच्या कमकुवत लाइनला पडली होती.

आता पुढची मागणी आली आहे: बागायतदाराला आपल्या खात्यातली शिल्लक फोनवर बघायची आहे. हे नुसतं वाचन, त्याला पेटी-क्यू काही नको. कुलूप न लावता वाचायचं आणि द्यायचं. अडचण वेगळीच निघाली. पोच हातात आहे पण पावती अजून फाटलेली नाही, अशा मधल्या वेळात शिल्लक बघितली तर आकडा कमी दिसणार आणि फोन येणार. हिशेबनीस काकांचं म्हणणं, न फाटलेल्या पावतीचा पैसा दाखवायचा नाही. मालकांचं म्हणणं, दाखवला नाही तर लोक चिडतील. पुढच्या हंगामासाठी ठरलंय ते असं: शिल्लक एकाच आकड्यात द्यायची नाही, "खात्यात जमा" आणि "पोच झालेली" असे दोन रकाने द्यायचे, आणि दुसऱ्या रकान्यात रुपये न दाखवता फक्त किलो दाखवायचे.